हातभर मोकळी जागा

९ जानेवारी

बारक्या,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू पंचेचाळिशीचा झालास, पण या घरात तुझं दुसरं नाव नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या बायकोने दिला. तिच्यावर चिडू नकोस. कामाचं आहे असं मी तिला सांगितलं, आणि कामाचंच आहे.

माझ्या रफूच्या खोलीतले दिवे जायला लागलेत. तू छतात बसवलेले सहा हॅलोजन. भिंतीकडचा त्या आगीपासून बंदच आहे, तू झाकण लावून ठेवलास तसा. उरलेल्या पाचांतला एक मागच्या महिन्यात गेला, दुसरा काल. चौकातल्या दुकानात गेले. दुकानदारकाका म्हणाले, "हॅलोजन? ताई, दोन वर्षं झाली, माझ्याकडे माल येत नाही. एलईडी घ्या. वीज कमी, आणि तापत नाही."

तापत नाही म्हणताना ते जरा थांबले. मी खोकं पिशवीत टाकलं आणि निघाले.

दोन्ही दिवे मीच बदलले. तू शिकवलं होतंस तसं, काचेला उघडी बोटं न लावता, फडक्याने धरून. मग लक्षात आलं की यांना काच नाहीच, प्लास्टिक आहे. आता ते सारखे मिचमिचतात. आई खुर्चीत बसून वर बघते आणि विचारते, "कोणाला खुणावतायत गं हे? माझं वय निघून गेलं म्हणावं."

आई बरी आहे. हातही बरा. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण भांडताना बोट दाखवायला काही अडचण येत नाही.

तर विचारायचं एवढंच, की नुसते दिवे बदलून भागेल की आणखी काही बदलावं लागेल. पाचांचंच सांग. बंद दिव्याला हात लावायचा नाही.

सात वर्षं झाली. त्या दिवशी तू वरून उतरलास, पकड पिशवीत टाकलीस आणि म्हणालास, "जॉइंट माझाच सैल राहिला असणार." नंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. हे मी या पत्रात लिहिणार नव्हते. लिहून झालं, राहू दे.

ताई


२८ जानेवारी

बारक्या,

तुझं कार्ड आलं. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तुझं. शब्द न् शब्द उतरवून मी दुकानात नेला:

"जुना ट्रान्सफॉर्मर पन्नास वॉटच्या दिव्यासाठी आहे. पाच वॉटचा भार त्याला पुरत नाही, म्हणून दिवा मिचमिचतो. पाचही ट्रान्सफॉर्मर काढून त्यांच्या जागी एलईडीचे ड्रायव्हर लावायचे. तुझ्या कामाला पिवळसर उजेड घे. खोक्यावर रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा असतो, तो नव्वदच्या वर हवा. स्वतः करू नकोस. चांगला वायरमन बोलव."

'चांगला'खाली तू रेघ ओढली आहेस. कोणाला लागावी म्हणून ओढलीस ते कळलं नाही. मला लागली.

कार्ड यायच्या आधी मी एक घोळ करून बसले होते. काकांनी तात्पुरती म्हणून एक पांढरी एलईडी पट्टी दिली होती. ती लावली तर आई म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय, आता कोणीतरी सुई टोचणार." मी म्हटलं, सुई माझ्याच हातात आहे. त्या उजेडात मी एका वकिलांच्या काळ्या कोटाचं कोपर रफू केलं. कोटाच्या आतल्या कडेला काढण्यासारखा धागा उरला नव्हता, म्हणून माझ्या डब्यातला घेतला. दोन दिवसांनी वकील परत आले. कोपर पुढे करून म्हणाले, "ताई, याला निळा डोळा फुटलाय. न्यायाधीशसाहेब माझ्याकडे कमी आणि याच्याकडे जास्त बघत होते." उन्हात नेऊन पाहिलं. गडद निळा धागा, काळ्या कोटावर. तीस वर्षांत माझ्यावर रफू उसवायची वेळ आली नव्हती.

काकांनी वायरमन पाठवला. दारात एक तिशीची बाई, खांद्याला पिशवी. आईने तिच्या मागे डोकावून पाहिलं.

"वायरमन कुठाय?"

"मीच, आजी."

"मग तुला वायरबाई म्हणायचं का?"

"म्हणा की. लोक यापेक्षा वाईट म्हणतात."

तेव्हापासून ती वायरबाई. शिडी लावून माळ्यात शिरली. मग वरूनच विचारलं, "हे काम कोणी केलंय?"

"का? बिघडलंय का?"

"बिघडलंय कसलं! प्रत्येक तारेला नंबराची पट्टी आहे. जिथे कधी कोणी बघणार नाही तिथे."

मी म्हटलं, माझ्या भावाने केलंय.

"कुठे असतात ते?"

"लांब."

"कुठे काम करतात?"

मी चहा टाकायला आत गेले.

पाच दिवे झाले. उजेड चांगला आहे. काळा काळा दिसतो, निळा निळा. शेवटी ती सहाव्याकडे वळली. "हा का बंद?" मी म्हटलं, तो तसाच राहू दे. ती म्हणाली, "झाकण काढून बघते फक्त." मी "नको" म्हटलं. ते जरा मोठ्याने म्हटलं गेलं असावं, कारण आईने मान वर केली.

माळ्यात एरवी काही सापडलं नाही. सगळं ठीक आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

बारक्या,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. आईची चौकशी करायला. मी विचारलं, तो हल्ली कुठे काम करतो. ती म्हणाली, पार्सलच्या गोदामात, खोकी चढवायला. मग म्हणाली, "ताई, घरातला साधा बल्ब गेला तरी ते शेजारच्यांना बोलावतात. मुलीने विचारलं, बाबा तुम्हाला येत नाही का, तर नाही म्हणाले."

मला वाटलं होतं तू तिकडे काम धरलं असशील. नवं गाव, नवी गिऱ्हाइकं. तू मला टाकलंस एवढंच मी धरून चालले होते, आणि ते सोसणं मला जमत होतं. तू हातातली पकड टाकलीस, हे मला माहीत नव्हतं. खरं तर मी कधी विचारलं नाही.

आता लिहिते.

दिव्यांच्या वर माळ्यात गाठोडं होतं. मी ठेवलेलं.

दिवे बसवलेस तेव्हा तू सांगितलं होतंस, "ताई, हे तापतात. यांच्यावर हातभर जागा मोकळी ठेव. वर काही ठेवू नकोस." वर्षभर मी ऐकलं. मग एका ओलसर वर्षी एका बाईंच्या शालीला कसर लागली. लोकर म्हणजे कसरीचं जेवणच. माळ्यात डोकावले तर वर कोरडं, उबदार, चुलीशेजारी बसल्यासारखं. गिऱ्हाइकांच्या दोन शाली आणि एक घोंगडी चादरीत बांधून मी वर ठेवली. आधी दिव्यापासून लांब. मग जरा जवळ, कारण ऊब जवळ होती. त्यानंतर एकाही कपड्याला कसर लागली नाही. मी खूश होते. मला वाटलं, तुला वायरिंगमधलं जे कळत नाही ते मी शोधून काढलं.

त्या दिवशी गाठोडं सरकलं असेल किंवा मीच सरकवलं असेल. मला आठवत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला नाही, हे जास्त खरं. छताच्या भोकातून जळते तुकडे टेबलावर पडायला लागले. आईने ते हाताने विझवले. मी बादली घेऊन वर चढले. शेजारचे आईला दवाखान्यात घेऊन गेले. तुला यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात उरलेलं गाठोडं मी मागच्या गल्लीतल्या कचऱ्यात टाकून आले आणि हात धुतले.

तू आल्या आल्या विचारलंस, "वास कसला येतोय? केस जळल्यासारखा." मी म्हटलं, आईचे केस होरपळले. आईच्या केसाला धक्का लागला नव्हता. लोकर जळाली की तोच वास येतो.

मग तू वर गेलास, बॅटरी मारलीस, तार कापलीस, झाकण लावलंस. खाली उतरून ते वाक्य बोललास. दुकानदारकाका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. तुझी निम्मी कामं त्यांच्या दुकानातून यायची. कोणाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मी तिथेच उभी होते. गप्प.

लोकांचे कपडे मी दिव्यांवर शेकते हे कळलं असतं तर मला कोणी साधा रुमालही शिवायला दिला नसता. हे कारण खरं आहे, पण ते पहिल्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवसापासून कारण एवढंच होतं, की पहिल्या दिवशी बोलले नव्हते.

तुझी चूक नव्हती. हे मी तुला सात वर्षांपूर्वी शिडीपाशी सांगायला हवं होतं.

ताई


११ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड तीन वेळा वाचलं.

"ताई, माझी समजूत घालू नकोस. शाळेत माझी पाटी फुटली की तू आपल्या हातून फुटली म्हणून मार खायचीस. तुझी खोड गेलेली नाही. दिवे बसवले त्या दिवशी मला दुसऱ्या कामावर जायची घाई होती, सहावा दिवा मी घाईत बसवला. जॉइंट सैल होता. आईचा हात माझ्यामुळे गेला. हा विषय पुन्हा नको."

मला शिव्या येतील असं वाटलं होतं. काहीच येणार नाही असंही वाटलं होतं. तू विश्वास ठेवणार नाहीस हे मनात आलं नव्हतं. माझं खोटं सात वर्षं बिनबोभाट चाललं, आणि खरं एका कार्डावर परत आलं.

पाटीचं म्हणशील तर, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि मार दोनच छड्यांचा होता. एवढं मोठं काही अंगावर घेण्याइतकी मी चांगली नाही. असते तर त्या दिवशीच घेतलं असतं.

विषय पुन्हा नको म्हणालास. पण मी इतरांना सांगून बसले आहे, तेव्हा तुला कळायला हवं.

आधी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, निवडलेली भाजी आणि देठं परत एकत्र केली आणि नव्याने निवडायला बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर तुला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि संध्याकाळी चहा दिला असता. आता या हाताने थोबाडीतही नीट बसत नाही." मी गाल पुढे केला. तिने खरंच मारली. नीट बसली.

मग दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं होती. ती जायची वाट बघावी असं वाटलं, आणि म्हणूनच थांबले नाही. सगळं सांगितलं. काका गल्ल्यावरून उठले. म्हणाले, "सात वर्षं मी त्याच्याकडे एक काम पाठवलं नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायचो, हात चांगला आहे पण भरवसा नाही." एवढं बोलून खाली बसले आणि समोरच्या माणसाला भलताच स्विच काढून दिला.

ज्यांची शाल जळाली त्या बाईंकडेही जाऊन आले. त्यांनी मला आत बोलावलं नाही. दोन घरांनी आपले कपडे परत नेले. वकील मात्र दुसरा कोट घेऊन आले. "ठेवा," म्हणाले, "पण टेबलावरच ठेवा."

आता एक गोष्ट उरते, ती लिहायला सगळ्यांत अवघड आहे.

वायरबाईलाही सगळं सांगितलं. ती म्हणते, झाकण काढू आणि बघू. जॉइंट सैल होता की नाही ते आतलं पितळच सांगेल. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. गाठोडं मी ठेवलं, तेवढं मला माहीत आहे. जॉइंटचं मला माहीत नाही. कोणालाच नाही. तू बॅटरीच्या उजेडात क्षणभर पाहिलंस आणि स्वतःला शिक्षा सुनावून मोकळा झालास. उघडल्यावर जॉइंट खरोखर सैल निघाला तर? मग मी तुला काय लिहू? आत्ता निदान तुला शंका घ्यायला जागा आहे. तीही जाईल.

आठ दिवस याच विचारात काढले. मग वाटलं, सात वर्षांपूर्वीही मी हेच केलं होतं. तुझ्यासाठी काय बरं, माझ्यासाठी काय बरं, याचा विचार करत गप्प बसले होते.

रविवारी उघडणार आहोत. काकांना साक्षीला बोलावलं आहे. जे निघेल ते लिहीन. सैल असेल तर सैल लिहीन.

ताई


१९ मार्च

बारक्या,

घट्ट होता.

आधी हे लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आता क्रमाने सांगते.

रविवारी सकाळी दहाला वायरबाई आली. काका शिडी धरायला उभे राहिले. आई म्हणाली, "दोघांत मिळून एक शिडी धरता येत नसेल तर मला सांगा." वीज बंद केली. झाकण निघेना, स्क्रू गंजले होते. निघालं तेव्हा काजळीचा पापुद्रा काकांच्या टकलावर पडला. ते हलले नाहीत.

तिने सगळं जसंच्या तसं खाली आणलं: दिव्याची पत्र्याची डबी, ट्रान्सफॉर्मर, आणि चिनी मातीचा तो लहान कनेक्टर, ज्यात तू तारा जोडल्या होत्यास. वर्तमानपत्र पसरून टेबलावर मांडलं. डबीच्या माथ्यावर काळं, फुगलेलं काहीतरी चिकटलं होतं. वायरबाईने ते नखाने खरवडून नाकाशी नेलं. मला विचारायची गरज पडली नाही. भिंग घेऊन मीच पाहिलं. कापड जळालं तरी वीण राहते. ती घोंगडीची वीण होती, दुहेरी. मी ओळखते.

मग कनेक्टर. वायरबाईने तो काकांच्या हातात दिला, म्हणाली, "तुम्हीच बघा. मी सांगितलं तर म्हणतील, ताईंचं माणूस आहे." काकांनी चष्मा लावला. पितळ आतून पिवळं, स्वच्छ. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावून स्क्रू फिरवून पाहिला. फिरला नाही. दुसरा पाहिला. तोही नाही. तुझ्या तारांची टोकं, तू कापलीस तिथवर, अजून आत पकडलेली आहेत, ओढून निघत नाहीत.

वायरबाई म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्यावर तुझा विश्वास बसत नाही: "जॉइंट सैल असला की ठिणगी आत पडते, पितळ आतून काळं पडतं, खड्डे पडतात, माती तडकते. इथे आत काहीच नाही. जळलंय ते बाहेरून, वरच्या बाजूने. घाईत केलेला जॉइंट असा असेल, तर त्यांनी निवांत केलेले कसे असतील?"

काकांनी कनेक्टर वर्तमानपत्रावर ठेवला. मग त्यांनी एक कागद मागितला आणि उभ्या उभ्या दोन ओळी लिहून सही केली. तो कागद सोबत आहे. काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, त्यांनी घडी घालून दिला. आईने मात्र त्यांच्याकडून तो मागून घेऊन वाचला, आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. आपली.

कनेक्टर, डबी आणि जळकी लोकर वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. मोकळेपणाने तोड, पिळ, भिंगाखाली घाल. माझ्यावर विश्वास ठेवायची आता गरज नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते पत्रातून मागायचं नसतं. तू ये म्हणशील तेव्हा मी तिकडे येईन, आणि नाही म्हणालास तर येणार नाही. आई येणार आहे, तू म्हण अथवा म्हणू नकोस. तिने पिशवी काढून ठेवली आहे.

सहाव्या जागी नवा दिवा अजून लागलेला नाही. त्याचं कारण वेगळं आहे. रविवारी वायरबाई पुन्हा माळ्यात शिरली तेव्हा तिला तिसऱ्या दिव्याच्या मागे एक जादा तार दिसली. वीतभर नाही, चांगली चार-पाच हात, नीट वेटोळं करून, टोकाला टेप लावून ठेवलेली. तिला नंबराची पट्टी आहे, पण त्यावर नंबर नाही. तार कशाला जोडलेली नाही. काका म्हणाले कापून टाक. ती तयार नाही. म्हणते, ज्याने एवढं मोजून सगळं बसवलं त्याने ही विसरून सोडलेली नाही, त्याच्या डोक्यात काहीतरी होतं. ते कळेपर्यंत मी सहावा दिवा जोडणार नाही.

मला त्यातलं काही कळत नाही. हा प्रश्न तिचा आहे आणि उत्तर तिलाच हवं आहे. तिचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. दिवसभर ती कामावर असते. सकाळी नवाच्या आत केलास तर ती उचलेल.

ताई